वापरलेलं नाव

लग्नात बाईचं नाव बदलणं ही आपल्याकडे काही बातमी नव्हे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात एक नाव लिहितो, कोणीतरी ते मोठ्यानं वाचतं, पेढे फिरतात, आणि जन्मापासून जिला एका नावानं हाक मारली ती पोरगी दुसऱ्याच नावानं सासरी जाते. चांदवडकडच्या पुंजाबाबांच्या मथुराचंही असंच झालं. फरक एवढाच, की यादवनं तांदळात लिहिलेलं नाव नवं नव्हतं. ते आधी वापरून झालेलं होतं. त्याची पहिली बायको, निफाडकडची प्रतिभा, त्याच साली काविळीनं वारली होती. यादवनं तांदळात पुन्हा प्रतिभाच लिहिलं.

ही अक्कल यादवची नव्हे, त्याच्या आईची. नवसाबाई मखमलाबादच्या मळ्यात गुलाब आणि शेवंती पिकवायची आणि पहाटे नाशिकच्या फुलबाजारात स्वतः वाटे लावून विकायची. बाजारात जिच्या तोंडाला कोणी लागत नसे, तिच्या घरात कोण लागणार? पाळण्यात दहा महिन्यांचा ललित होता. नवसाबाईनं व्याह्यांना सरळ सांगितलं, "पोराला आई मेल्याचं कळूच द्यायचं नाय. घरात आई एकच, नाव बी एकच. आन् रेशनकार्डावर प्रतिभा हायेच. ते नाव कमी कराया तहसीलात हेलपाटे कोन घालील?" दोन्ही कारणं तिच्या लेखी सारख्याच वजनाची होती.

पुंजाबाबांना चार मुली आणि कांद्याची थोडी जमीन. बिजवर असला तरी जावई कारखान्यात कामाला होता, मळा होता, घर पक्कं होतं. नावात काय ठेवलंय, असं म्हणून त्यांनी मान डोलावली. मथुरा रडली, पण सासरी जाताना सगळ्याच रडतात, म्हणून कोणी विचारलं नाही.

तांदूळ गोळा व्हायच्या आतच नवसाबाईनं तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला. त्यावर बाईची ठसठशीत आकृती होती. ही सवत. बिजवराशी लग्न करणारीनं मेलेल्या पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, जेवायच्या आधी तिला घास दाखवायचा, नवी साडी आधी तिच्या अंगाला लावायची आणि मग स्वतः नेसायची, अशी रीत. नाहीतर ती कोपते म्हणे. मथुरानं कधी कुरकुर केली नाही. जिचा नवरा घेतला, जिचं पोर घेतलं, जिचं नाव घेतलं, तिला पहिला घास द्यायला काय जातंय, असं तिला मनापासून वाटायचं. ललित मांडीवर झोपताना तो टाक मुठीत घट्ट धरून झोपायचा. थोडा मोठा झाल्यावर त्यानं विचारलं, ही कोण? देवी, असं नवसाबाईनं परस्पर सांगून टाकलं.

आळीतल्या जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं. पण नवसाबाईच्या हयातीत बोलायची कोणाची टाप नव्हती, आणि ती गेली तोवर बोलण्यासारखं कोणाला काही उरलं नव्हतं. निफाडकर तर लेकीच्या नावावर दुसरी आणून बसवली म्हणून असे बिघडले, की त्यांनी मखमलाबादची वाटच सोडली. राहिलेले फोटो नवसाबाईनं चुलीत घातले. प्रतिभा मेली ती इतकी नीट मेली, की तिचं काही म्हणता काही उरलं नाही. नाव तेवढं उरलं, आणि ते मथुरा वागवत होती.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा गावात सरकारी ऑपरेशनचं शिबिर आलं. नवसाबाईनं रात्री सुनेचे पाय चेपले, जे तिनं आयुष्यात कोणाचे चेपले नव्हते, आणि म्हणाली, तुला तुझं झालं की हा सावत्र होईल गं. मथुराचं वय बावीस. ललित तेव्हा तिचा पदर धरून हिंडायचा आणि ती विहिरीवर गेली तरी हंबरडा फोडायचा. तिनं रात्रभर विचार केला, म्हणजे तिला वाटलं की ती विचार करते आहे. सकाळी ती शिबिरात गेली. नर्सनं मुलं किती विचारलं. रेशनकार्डावर एक होतं. एकावर कशाला करता, असं नर्स म्हणाली, तर नवसाबाईनं दुसऱ्या बाळंतपणात जिवाला धोका आहे, डॉक्टरनं सांगितलंय, अशी थाप ठोकली. मथुरानं कागदावर प्रतिभा म्हणून सही केली. चौथीपर्यंत शिकलेली होती, अक्षर चांगलं होतं.

आता इतकं देऊन झाल्यावर तो मुलगा तिचा नव्हता असं कोणी म्हणून दाखवावं. गोवराच्या तापात तिनं त्याला अकरा रात्री छातीवर घेऊन काढल्या. चौथीच्या पुढचं तिला येत नव्हतं, म्हणून त्याचा धडा त्याच्याकडूनच वाचून घ्यायची आणि समजल्यासारखी मान हलवायची. यादवची कारखान्यातली नोकरी अंबडला गेली, पाळ्या सुरू झाल्या, आणि ललितला वाढवायचं काम तिच्या एकटीवर आलं. तिला ते काम वाटलं नाही. तो इंजिनियर झाला तेव्हा फुलबाजारातल्या बायकांनी तिलाच हार घातला होता.

दरम्यान कागद वाढत गेले. बँकेचं पुस्तक झालं, विम्याच्या वारसाचा कागद झाला, गॅसचं कार्ड झालं, पंच्याण्णवच्या सुमाराला फोटोचं मतदार ओळखपत्र आलं. सगळीकडे प्रतिभा. फोटो मथुराचा, नाव सवतीचं, आणि वय ज्याच्या हाताला जे लागलं ते. रेशनकार्डावर पहिलीचं वय होतं. बँकेत यादवनं हिचं खरं वय सांगितलं. मतदार यादीवाल्यानं तर नुसतं तोंडाकडे पाहून अंदाजानं ठोकलं, आणि दिसायला ती बारीक असल्यानं तो चांगलाच चुकला. एका बाईची तीन वयं झाली. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. आपल्याकडे निम्म्या माणसांचं असंच असतं.

ललित दोन हजार एकला कॅनडात गेला. लग्न इथल्याच मुलीशी केलं, वेदिका तिकडे झाली. मथुरानं नातीला पाहिलं ते फोटोत, आणि ऐकलं ते फोनवर. ती बोलायला लागल्यावर दर रविवारी फोन यायचा आणि पलीकडून आधी तीच ओरडायची, "नाशिकची आजी!" मग मथुरा तिला मोटेवरचं एक जुनं गाणं म्हणून दाखवायची, आणि ती पोरगी अर्धे शब्द मोडून तेच परत म्हणायची. त्या रविवारसाठी बाईचा आठवडा चालायचा.

दोन हजार पाचला यादव गेला. छातीत कळ आली आणि रिक्षा मिळेपर्यंत संपला. ललित धावत आला, बाराव्यापर्यंत राहिला, आणि जाताना म्हणाला, आता तू इथं एकटी राहायचं नाहीस, मी तुला तिकडे नेतो. मथुराला तेव्हा कळलं की गेली चार वर्षं ती याच वाक्याची वाट पाहत होती. तिनं गुलाबाचे वाफे दीर गोटीरामकडे कसायला दिले आणि नातीसाठी गोधडी शिवायला घेतली.

कागदांचं काम बघायला ललितनं एक माणूस ठरवून दिला होता, कॉलेज रोडवरचा कुंदन. तिशीतला, चुणचुणीत, परदेशी जाणाऱ्यांच्या फायली करायचा. मथुरा प्लास्टिकच्या पिशवीत सगळं घेऊन गेली. तीन वयं पाहून तो हसला. म्हणाला, काकू, हे तर घरोघरी असतं, प्रतिज्ञापत्र करून टाकू, पण जन्माचा काहीतरी पुरावा हवा, शाळेचा दाखला आहे का? तिच्याकडे होता. माहेरून आणलेला तेवढा एकच कागद तिनं साडीच्या घडीत जपला होता. विचारलं तसा तिनं काढून दिला.

कुंदननं तो उलटसुलट केला. "काकू, ह्या मथुराबाई कोण?"

"मीच," ती म्हणाली.

आणि मग अठ्ठावीस वर्षांत नवऱ्याकडे, माहेरी, देवापुढे जे बोलली नव्हती ते तिनं त्या परक्या पोरापुढे सांगून टाकलं. कुंदननं पंखा मोठा केला, पाणी मागवलं. चांगला मुलगा होता, पण धंदा धंदा असतो. तो म्हणाला, "काकू, तुमच्या पिशवीतले सगळे कागद एकाच बाईचे आहेत, आणि ती बाई तुम्ही नाही. पण कागद एकमेकांशी भांडत नाहीत, वयाचं सोडा. मग आपण कशाला भांडण लावायचं? हा दाखला घरी ठेवा आणि विसरा."

हे खोटं होईल ना, असं तिनं विचारलं. अठ्ठावीस वर्षं चाललं तेव्हा कोणी हटकलं नाही, आता मुलाकडे जाताना कसलं खोटं, असं तो म्हणाला. तिला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. तिनं दाखला परत साडीच्या घडीत ठेवला.

पासपोर्टसाठी चौकशीला हवालदार आला. ह्या प्रतिभाबाईच ना, असं त्यानं शेजारी विचारलं, आणि ज्यांनी पहिल्या प्रतिभेची तिरडी बांधलेली पाहिली होती त्या म्हाताऱ्यांनीही ठणठणीत आवाजात हो म्हणून सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं ते खोटं नव्हतंच. पासपोर्ट आला. फाईल दिल्लीला गेली, तिथं दोन वर्षं पडून राहिली. वेदिका पाच वर्षांची झाली, गोधडी शिवून झाली, वर एक लहान उशीही झाली.

आणि मग परदेशी कचेरीचं पत्र आलं. कुंदननं तिला बोलावून समजावून सांगितलं. तिकडच्या साहेबांनी तिन्ही वयं शेजारी शेजारी मांडली होती. रेशनकार्डाप्रमाणे ललितच्या जन्माच्या वेळी आई तेवीस वर्षांची, बँकेप्रमाणे एकोणीस, आणि मतदार कार्डाप्रमाणे चौदा. जन्माचा दाखला नाही. नातं सिद्ध होत नाही. तेव्हा आईची आणि मुलाची डीएनए चाचणी करावी. मुलानं तिकडे द्यायची, आईनं मुंबईत.

"म्हणजे काय करतात?" तिनं विचारलं.

कुंदननं तिच्याकडे पाहिलं नाही. "गालाच्या आतून कापूस फिरवतात. त्यावरून पोटचं मूल आहे की नाही ते कळतं."

कुंदननंच मग वाटा सांगितल्या. चाचणी दिली नाही तर फाईल बंद. दिली तर खोटं उघडं पडणार, तेही ललितला साहेबांकडून कळणार. "त्यापेक्षा तुम्हीच सांगा काकू. शिकलेला माणूस आहे, समजून घेईल."

शिकलेली माणसं समजून घेतात ही एक अफवाच आहे, पण मथुराचा तिच्यावर विश्वास बसला, कारण तिला दुसरा आधार नव्हता. आठ दिवस तिनं मनात वाक्यं जुळवली. तिला खात्री वाटत होती. तो थोडा दचकेल, रडेल कदाचित, आणि मग म्हणेल, आई, मला काय करायचंय, माझी आई तूच. हे शेवटचं वाक्य तिनं इतक्या वेळा त्याच्या आवाजात ऐकलं, की तो ते बोलून मोकळा झाल्यासारखंच तिला वाटायला लागलं.

रविवारी फोन आला. ललित घाईत होता. उद्या मी जाऊन देतोय, तुला कुंदनभाऊ मुंबईला नेतील, घाबरू नकोस, दुखत नाही.

"ललित, ती चाचणी करू नको बाळा," ती म्हणाली. "ती जुळायची नाही."

मग तिनं सांगितलं. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली, जसं आलं तसं सांगितलं. काविळीचं, तांदळाचं, नवसाबाईचं, टाकाचं. पलीकडे वेदिका काहीतरी मागत होती, तिला कोणीतरी दटावलं.

"म्हणजे मी कोणाचा?" ललितनं विचारलं.

"प्रतिभाचा."

"प्रतिभा तर तूच आहेस."

"मी मथुरा."

एकतीस वर्षांचा झाल्यावर मुलगा आईचं नाव पहिल्यांदा ऐकत होता. त्यानं ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं, मथुरा, जसं एखाद्या गावाचं नाव म्हणावं तसं. मग बाबांना माहीत होतं का, असं विचारलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलंत, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

तीन रविवार फोन वाजला नाही. मथुरा फोनपाशीच जेवायची. सवतीला घास दाखवायचा, आपण खायचा, आणि फोनकडे बघायचं. चौथ्या आठवड्यात फोन आला, रविवारी नव्हे, भलत्याच दिवशी, आणि ललितचा आवाज कामावर बोलताना असतो तसा होता. त्यानं वकील गाठला होता. वकील म्हणाला, सावत्र आईला आई म्हणून बोलावता येत नाही. वडील असते तर त्यांची बायको म्हणून आली असती. आता ते नाहीत, त्यामुळे तिचं त्याच्याशी नातंच उरत नाही.

"नातं उरत नाही असं कोण म्हणतं?" तिनं विचारलं.

"कायदा म्हणतो. मी नाही म्हणत." मग त्यानं खरी अडचण सांगितली. त्याचं स्वतःचं नागरिकत्व अजून व्हायचं होतं. आई जिवंत आहे, तिचं नाव प्रतिभा, असं त्यानं सगळीकडे सहीनिशी लिहून दिलं होतं. ते खोटं ठरलं तर त्याच्यावर शेकणार, बायकोमुलीसकट. आधीच कळवून दुरुस्ती केली तर निभावेल. त्यासाठी एक कागद लागणार होता. त्या बाईंच्या मृत्यूचा दाखला. तो इथूनच, नाशिकमधून निघणार, आणि तो तूच काढून पाठव, असं त्यानं सांगितलं.

"दुरुस्ती म्हणजे काय लिहिणार?"

"आई मयत. सन सत्त्याहत्तर." त्यालाही ते जड गेलं असावं, कारण लगेच म्हणाला, "आई, हे फक्त कागदावर गं."

मथुराचा स्वभाव तोंड टाकण्याचा नव्हता. आयुष्यभर गिळतच आली. पण त्या दिवशी ते घशाखाली उतरेना.

"कागदावर एक पोर होतं म्हणून त्यांनी माझं ऑपरेशन केलं," ती म्हणाली. "बावीस वर्षांची होते. सही सवतीच्या नावानं झाली, पोट माझं कापलं. ते कागदावर नाही झालं, ललित."

ललित म्हणाला, "हे मला आत्ता नको सांगूस. मला आधीच झेपत नाहीये." आणि तो दाखला लवकर मिळाला तर बरं, असं सांगून त्यानं फोन ठेवला. ज्याच्यासाठी तिनं ते केलं त्यालाच ते ऐकायला झेपत नव्हतं. तिला त्याचा राग आला, मग रागाची लाज वाटली, मग लाजेचाही राग आला.

तरी ती गेलीच. मुलानं काही मागितलं आणि तिनं दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. जन्ममृत्यूच्या कचेरीत खिडकीपुढे रांग होती. मथुरानं अर्ज वळणदार अक्षरात भरला. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "आजी, इथं मयताचं नाव नाही लिहायचं. इथं अर्जदाराचं. तुमचं."

"माझंच लिहिलंय."

त्यांनी ओळखपत्र मागितलं. फोटो पाहिला, तोंड पाहिलं, परत अर्ज पाहिला. मयत प्रतिभा यादव, अर्जदार प्रतिभा यादव, पत्ता तोच. "मग मेलं कोण?" त्यांनी विचारलं. चेष्टेनं नव्हे, खरंच विचारलं. पण मागच्या रांगेतला एकजण फिसकन हसला आणि मग दोनतीन जण हसले. मथुराला सांगता आलं असतं. तिनं तोंड उघडलंही होतं. पण रांगेपुढे उभं राहून मी मी नाही हे कुठून सांगायला सुरुवात करायची, तेच तिला सापडेना. तिनं ओळखपत्र उचललं आणि बाहेर येऊन पायरीवर बसली.

शेवटी कुंदननं युक्ती काढली. मयताचा दीर म्हणून गोटीरामनं अर्ज करायचा. गोटीराम मनानं भला, पण डोक्यानं साधा. त्यानं दोन खेपा घातल्या, दाखला काढला आणि दारातूनच हाक मारून म्हणाला, "वहिनी, तुमचा दाखला आणला बरं का." आणि आपण काय बोललो ते कळून तसाच मान खाली घालून उभा राहिला. तिनं त्याला चहा दिला.

दाखल्यावर शिक्का होता, सही होती, कावीळ लिहिलेलं होतं. कुंदननं तो कुरियरनं पाठवला आणि परत येऊन तिला बजावलं. यादवची पेन्शन प्रतिभेच्या नावानं येते, बँक तिच्या नावानं आहे, घराला नाव तिचं लागलंय. तेव्हा हा कागद नाशिकमध्ये कोणाला दाखवू नका, नाहीतर उद्या उपाशी राहाल. "तिकडच्यापुरत्या गेलात तुम्ही काकू. इकडे आहात." समजूत घालायला म्हणून बोलला बिचारा. मथुराचं मत कोणी विचारलं नाही, पण तिच्या मते तिकडे सवत मेली आणि इकडे सवत जगली. मथुरा ना तिकडे होती, ना इकडे.

महिन्याभरानं फोन आला. कागद पोचला, असं ललितनं सांगितलं. दुरुस्ती स्वीकारली, आता काळजी नाही. आवाज मऊ होता, पण सगळ्या बोलण्यात त्यानं तिला आई म्हटलं नाही, आणि दुसरं काही म्हणायला त्याच्याकडे नव्हतं. मागून वेदिकेनं विचारलं, नाशिकची आजी आहे का? थांब, कामाचं बोलतोय, असं तो तिला म्हणाला. मथुरानं गाण्याची पहिली ओळ ओठांवर आणून ठेवली होती. ती तिथंच राहिली.

"एक विचारू?" ललित म्हणाला. "तिचा एखादा फोटो आहे का? माझ्या... म्हणजे त्यांचा."

"आत्याबाईंनी, तुझ्या आजीनं, सगळे जाळले," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

"काहीच नाही? तिची एखादी वस्तू? काहीही. वेदिकेला कधीतरी दाखवता येईल असं."

मथुराचा हात आपोआप गळ्याशी गेला. टाक तिथंच होता, एकतीस वर्षं घामानं आणि तेलानं गुळगुळीत झालेला, नाकडोळे झिजलेले. हाच मुठीत धरून तो झोपायचा. पाठवला असता तर तो रडला असता, कदाचित लगेच फोन करून आईही म्हणाला असता. तिला हे सगळं दिसत होतं. मागितलं ते देण्याची सवय तिच्या हाडात होती आणि जीभ हो म्हणायला टेकलीच होती.

"नाही," ती म्हणाली. "काही उरलं नाही."

मग तो बरं म्हणाला, तब्येतीला जप म्हणाला, आणि फोन ठेवला.

मथुरानं दिवा लावला, भात शिजवला, वरण केलं, ताट वाढलं. ताटात पहिला घास कालवून तिनं गळ्यातला टाक हातात घेतला, रोजच्यासारखा. "तुझा लेक तुझी वस्तू मागत होता," ती त्या झिजलेल्या तोंडाला म्हणाली. "नाही दिली. आता तुला माझ्याशिवाय कोणी नाही आणि मला तुझ्याशिवाय." मग घास न दाखवताच तिनं टाक पदराआड सोडला आणि सवतीसाठी कालवलेला पहिला घास स्वतः खाल्ला.